खाली जातानाचे तीन सेकंद: भरतीच्या एका पोराच्या गुडघ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

अंबाजोगाईत माझी छोटी जिम आहे. पहाटे पाच ते सात हा वेळ भरतीच्या पोरांचा. आजूबाजूच्या खेड्यांतून आलेली, एका खोलीत चौघं-पाचजण राहणारी, मेसच्या डब्यावर दिवस काढणारी ही पोरं पोलीस भरतीची तयारी करतात. मैदानी चाचणी 50 गुणांची असते: 1600 मीटर धावण्याला 20, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15. मुलांचा गोळा 7.26 किलोचा. पळायला सगळेच पळतात. 100 मीटर आणि गोळा मात्र पायांच्या ताकदीवर जातात, म्हणून ही पोरं जिमला येतात.

ज्याच्याबद्दल लिहितोय तो त्यांच्यातलाच, वय 23, वजन 71 किलो. जिममध्ये सगळे त्याला पैलवान म्हणतात, इथंही तेच म्हणतो. त्याला विचारूनच हे लिहितोय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या मागंपुढं गाव रिकामं व्हायचं आणि हा आजीजवळ शाळेसाठी मागं राहायचा. गावच्या तालमीत बाराव्या वर्षापासून जोर-बैठका. एका दमात तीनशे बैठका मारणारं पोरगं माझ्याकडं आलं तेव्हा मला आनंदच झाला होता.

त्याच्या दोन सवयी पुढं महत्त्वाच्या ठरल्या. पहिली बैठकीची. आपल्या तालमीतली बैठक टाचा उचलून, गुडघे पुढं नेऊन, एका झोक्यात मारतात. खाली गेलं की शरीर स्प्रिंगसारखं परत वर येतं आणि त्या तालामुळंच तीनशेचा आकडा गाठता येतो. स्वतःच्या वजनावर त्यात काहीच वावगं नाही. पैलवानानं मात्र तोच झोका खांद्यावर बार घेऊनही ठेवला होता. दुसरी सवय पळण्याची. रोज पहाटे तो गावातून मुकुंदराजांच्या समाधीकडं उतरायचा आणि चढून परत यायचा. चढाला दम लागतो, म्हणून पोरांना वाटतं की खरी मेहनत चढावर होते. मांडीच्या पुढच्या स्नायूला आणि गुडघ्याला खरा मार बसतो तो उतारावर, कारण तिथं प्रत्येक पावलाला शरीराचं वजन झेलून थांबवावं लागतं.

अडचण

आषाढात एके दिवशी तो स्क्वॉटचा, म्हणजे खांद्यावर बार घेऊन मारायच्या बैठकांचा, सेट अर्ध्यावर टाकून बाजूला झाला. उजव्या गुडघ्याच्या वाटीच्या खाली, बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत होतं. खोदून विचारल्यावर कळलं की दोन महिन्यांपासून दुखतंय. पळायला लागलं की सुरुवातीला ठणकायचं, अंग गरम झालं की थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना परत डोकं वर काढायचं. 1600 मीटरची वेळ 5 मिनिटं 28 सेकंदांवरून 5 मिनिटं 51 सेकंदांवर गेली होती. त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

मी त्याला आधी डॉक्टरकडं पाठवलं. दुखणं नेमकं कशाचं हे जिममध्ये ठरवायचं नसतं. गादी किंवा लिगामेंट फाटलेलं असेल तर पुढचं सगळंच बदलतं. डॉक्टरांनी आणि नंतर फिजिओथेरपिस्टनं तपासून सांगितलं की वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणारा टेंडन दुखावलाय, फाटलेलं काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याचा स्क्वॉट बाजूनं फोनवर चित्रित केला. शंभर किलो, पाच वेळा. व्हिडिओ संथ करून पाहिला तर खाली यायला पाऊण सेकंदही लागत नव्हता. तळाला मांडी पोटरीवर आदळत होती, तिथून झोका घेऊन बार वर येत होता आणि नेमक्या त्याच क्षणी उजवा गुडघा आत वळत होता. मग बारवर साठ किलोच ठेवले. तीन सेकंदांत खाली जा, तळाला एक सेकंद थांब, मग वर ये, असं सांगितलं. चौथ्या वेळेला तो तळातच बसला. साठ किलोवर!

तोपर्यंत मी त्याची ताकद शंभर किलो धरून चाललो होतो. त्या शंभरातले बरेचसे किलो झोक्याचे होते, आणि तो झोका दुखऱ्या टेंडनवर पडत होता.

पर्याय

पैलवानाचा पहिला विचार सुईचा होता. "सर, एक विंजेक्शन मारून घेतो, पंधरा दिवसांत मोकळा." त्याच्या खोलीवरच्या एकानं मारून घेतलं होतं. माझा विरोध होता आणि त्याला कारण होतं. याच टेंडनच्या दुखण्यावर डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2009 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 39 पुरुषांचे तीन गट होते: एकाला स्टिरॉइडची इंजेक्शनं, एकाला उतरत्या फळीवर फक्त खाली जाण्याचा व्यायाम, आणि एकाला जड वजन संथ गतीनं उचलण्याचा व्यायाम. बारा आठवड्यांनी तिन्ही गटांना आराम होता. सहा महिन्यांनी इंजेक्शनवाले परत घसरले होते आणि व्यायामवाल्यांचा आराम टिकून होता. फिजिओथेरपिस्टचंही हेच मत पडलं. सुईचा विषय तिथं संपला.

दुसरा पर्याय पूर्ण विश्रांतीचा. घरचे तेच सांगत होते. विश्रांतीनं ठणका थांबतो, पण ओझं पेलण्याची टेंडनची ताकदही त्याच वेळी उतरते, आणि पोरगं परत मैदानावर गेलं की पहिल्याच आठवड्यात जैसे थे. भरतीच्या तारखेचा भरवसा नसताना दोन महिने बसून राहणं परवडणारंही नव्हतं.

तिसरा पर्याय फक्त खाली जाण्याच्या व्यायामाचा. तो चालतो, पण रोज दोनदा करावा लागतो आणि चांगलाच दुखतो. हा मुलगा दुखणं लपवणारा होता. ज्याच्या सांगण्यावर विसंबता येत नाही त्याला मुद्दाम दुखणारा व्यायाम द्यायला माझं मन धजावलं नाही.

राहिला चौथा: आठवड्यातून तीन दिवस जड पण संथ उचल. तीन सेकंद खाली, तीन सेकंद वर, म्हणजे एका उचलीला सहा सेकंद. आम्ही हाच घेतला.

टेम्पोबद्दल, म्हणजे उचलीच्या गतीबद्दल, इथं थोडं सांगायला हवं. जिममध्ये 3-1-1-0 असे चार आकडे लिहितात. पहिला आकडा वजन खाली नेण्याचे सेकंद, दुसरा तळाला थांबण्याचे, तिसरा वर नेण्याचे, चौथा वरच्या टोकाला थांबण्याचे. आकड्याच्या जागी एक्स असेल तर जितक्या जोरात जमेल तितक्या जोरात. ही पद्धत ऑस्ट्रेलियाच्या इयान किंग आणि कॅनडाच्या चार्ल्स पॉलिक्विन या प्रशिक्षकांमुळं रूढ झाली. हल्ली रीलवर पाहून पोरं विचारतात की चार सेकंदांनी मसल जास्त येतो का. स्नायू वाढवण्यापुरतं बोलायचं तर 2015 च्या एका एकत्रित विश्लेषणात असं आढळलं की एका उचलीला अर्ध्या सेकंदापासून आठ सेकंदांपर्यंत कितीही वेळ लावला तरी फारसा फरक पडत नाही. दहा सेकंदांच्या पुढं गेलं तर उलट तोटा दिसतो. त्यामुळं टेम्पो कशासाठी हवाय हे आधी ठरवावं लागतं. पैलवानाच्या बाबतीत दोन कारणं होती: तळाचा आदळा काढायचा आणि टेंडनवर पुरेसं ओझं सावकाश चढवायचं, सावकाश उतरवायचं.

काय केलं

पहिला निर्णय वजनाचा होता आणि तोच सगळ्यात अवघड गेला. मी बारवर पंचेचाळीस किलो लावले. तो उभाच राहिला.

"सर, कामून एवढं कमी? पोरं काय म्हणतील?"

मी त्याला व्हिडिओ परत दाखवला, पण पटलं नाही. पटलं ते सेट झाल्यावर. पंधराची उचल, सहा सेकंद प्रत्येकी, म्हणजे दीड मिनिट बार खांद्यावर. बाराव्या उचलीला मांड्या थरथरायला लागल्या, पंधराव्यानंतर तो बाकावर बसून दोन्ही हातांनी गुडघ्याच्या वरचा भाग दाबत राहिला. म्हणाला, "वाटी न्हाई दुखली. मांडी पेटली." दोन महिन्यांत पहिल्यांदा काम मांडीकडं गेलं होतं. तरी पहिले तीन आठवडे त्याला साडेचारला, गर्दीच्या आधी बोलावलं. चारचौघांत कमी वजन उचलण्याचं दडपण खरं असतं आणि त्यापायी चांगले कार्यक्रम मोडतात.

आठवड्यांची चढण डेन्मार्कच्या अभ्यासाप्रमाणंच ठेवली: पहिल्या आठवड्यात पंधरा वेळाच उचलता येईल असं वजन, मग बारा, दहा, आठ, आणि नवव्या आठवड्यापासून सहा. स्क्वॉट आणि लेग प्रेस (यंत्रावर पायांनी वजन ढकलणं), चार-चार सेट, मध्ये दोन-तीन मिनिटं विसावा. मुकुंदराजाचा उतार बंद, पळणं सपाट मैदानावर. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायचे. व्यायाम करताना चारपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळी ते आदल्या सकाळच्या पातळीवर आलंच पाहिजे. ही सकाळची तपासणी करायला सुताराकडून 25 अंशांची उतरती फळी करून घेतली. त्यावर एका पायानं एक बैठक मारायची आणि आकडा वहीत लिहायचा. तो लपवायचा म्हणून वही मी माझ्याकडं ठेवली आणि आकडा लिहिण्याआधी तोंडानं सांगायला लावला.

दुसरा निर्णय मोजण्याचा. हा मी आधी घेतलाच नव्हता. "मनात एक-दोन-तीन म्हण" एवढं सांगून सोडलं. दुसऱ्या आठवड्यात फोन लावून पाहिलं तर पहिली उचल सहा सेकंदांची, आठवी जेमतेम साडेतीनची. तो फसवत नव्हता. जीव मेटाकुटीला आला की माणसाचे सेकंद आखूड होतात. ठरलेल्या तालात टिकटिक करणारा मेट्रोनोम लावला, पण चार पोरं पहाटे प्लेटा आपटतायत त्यात टिकटिक ऐकू येईना.

मार्ग त्यानंच काढला. वडील सप्ताहात टाळकरी. त्यांच्या संथ चालीत "राम कृष्ण हरी" म्हणायला किती वेळ लागतो ते त्यानं मेट्रोनोमवर धरून पाहिलं. एका शब्दाला एक सेकंद, बरोबर तीन. तेव्हापासून खाली जाताना राम, कृष्ण, हरी आणि वर येताना राम, कृष्ण, हरी. पण हे म्हणायचं बाजूला उभ्या जोडीदारानं, उचलणाऱ्यानं नाही. दमलेला माणूस नामही घाईत घेतो. शेजारी उभ्या माणसाचा ताल ढळत नाही.

याचा आणखी एक फायदा श्वासाला झाला. संथ उचलीत पोरं नकळत सहा-सहा सेकंद श्वास कोंडून धरतात. तिसऱ्या आठवड्यात सातव्या उचलीला पैलवानाच्या डोळ्यांपुढं अंधारी आली, नशीब बार लगेच रॅकवर ठेवता आला. श्वास कोंडून जड वजन रेटताना रक्तदाब किती चढतो हे 1985 साली कॅनडात थेट धमनीत मोजून पाहिलंय. दोन्ही पायांच्या लेग प्रेसला सरासरी 320/250 भरला होता. तेही तरुण, धडधाकट लोकांत. तेव्हापासून आमचा नियम ठरला: हरी म्हणेपर्यंत श्वास आत, वर येताना कृष्णापासून बाहेर. ज्यांना बीपी आहे अशा वयस्क मंडळींना मी याहून हलकं वजन देतो आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करत नाही.

कुठं चुकलं

एक चूक लगेच लक्षात आली. गुडघ्याला गुण येतोय म्हणून उत्साहात मी बेंच प्रेस, रोइंग, डेडलिफ्ट सगळ्यालाच 3-0-3-0 लावलं. पोराला दोन-दोन दिवस जिना चढवेना, पळण्याचा सराव बुडायला लागला. संथ खाली जाण्यानं अंग जास्त दुखतं, आणि दुखण्याचा जोर एक ते तीन दिवस राहतो. दहा दिवसांनी बाकीचे व्यायाम नेहमीच्या गतीवर आणले. औषध दुखऱ्या जागेला लावायचं, अंगभर नाही, एवढं मला आधीच सुचायला हवं होतं.

दुसरी चूक मोठी आणि ती पूर्णपणे माझी. बारा आठवडे झाले, दसरा आला. सकाळचा आकडा सहावरून दोनवर, स्क्वॉट सत्तर किलो, सहा वेळा, तोही तीन सेकंद खाली आणि तीन सेकंद वर. मी इतका खूश होतो की तसंच पुढं चालू ठेवलं. महिनाभरानं गोळा मोजला तर 7 मीटर 90 वरून 7 मीटर 40. ताकद वाढलेली आणि गोळा अर्धा मीटर अलीकडं. पैलवान काही बोलला नाही, गोळा उचलून जागेवर ठेवला आणि फेकीच्या वर्तुळाकडं बघत राहिला. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

कारण सरळ होतं. गोळा, 100 मीटर, सुरुवातीची उडी हे सगळं स्नायू किती वेगानं जोर लावतो त्यावर चालतं. चार महिने मी त्याला वर येताना स्वतःला आवरायला शिकवत होतो. खाली जाताना आवर घालणं आणि वर येताना आवर घालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली त्याच्या गुडघ्याला हवी होती. दुसरीचं काम आठव्या आठवड्यालाच संपलं होतं.

मग टेम्पो बदलला: 3-1-एक्स-0. खाली जाताना तोच राम कृष्ण हरी, तळाला एक क्षण थांबा म्हणजे झोका मिळत नाही, आणि वर येताना पूर्ण जोर. जड वजनाला बार हळूच वर येतो, पण जोर लावताना मनात घाई हवी. आठवड्यातून एक दिवस हलक्या वजनावर, थांबा न घेता वेगाचं काम आणि बुटक्या उड्या. टेंडनला उडीचा आदळाही परत सोसायला शिकवावा लागतो, तोही टप्प्याटप्प्यानं.

मध्येच आलेला फड

दिवाळीनंतर फोन आला. वडिलांच्या हाताला कोयता लागला होता. टोळी कोल्हापूर भागात, मुकादमाकडून आगाऊ पैसे घेतलेले, जोडी मोडली तर पैसे अंगावर येणार. पैलवानाला जावं लागलं. जाऊ नको असं सांगण्याचा अधिकार मला नव्हता. ठरवायचं एवढंच होतं की तिथं गुडघा कसा राखायचा.

फडात तोडणी वाकून असते, तिचा गुडघ्याला तितका त्रास नाही. त्रास भरणीचा. पंचवीस-तीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन शिडीवरून ट्रॉलीत चढायचं, टाकायची आणि रिकाम्या अंगानं उतरायचं. उतरताना सगळे शेवटच्या दोन पायऱ्या सोडून उडी मारतात, कारण खेप लवकर होते. मी त्याला एकच गोष्ट सांगितली: उडी मारायची नाही, प्रत्येक पायरी उतरायची. आणि रात्री कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, भिंतही नसते, म्हणून टेकून बसायचा व्यायाम ट्रॉलीच्या चाकाला पाठ लावून, 45 सेकंद, पाच वेळा.

सतरा दिवसांनी परत आला तेव्हा फळीवरचा आकडा तीन होता. मी पाच-सहा धरून बसलो होतो.

काय झालं

मैदानी चाचणीपर्यंत उचल 95 किलो, पाच वेळा झाली, तळाला थांबून. पूर्वीच्या झोक्याच्या शंभरापेक्षा हे पाच किलो कमी दिसतात, पण आता गुडघा आत वळत नाही. गोळा 8 मीटर 15. 1600 मीटर 5 मिनिटं 19 सेकंद. मैदानी तो चांगल्या गुणांनी निघाला, लेखीत थोडक्यात राहिला. आता पुढच्या भरतीची तयारी चालू आहे. गुडघा पूर्ण बरा झालाय असं मी म्हणणार नाही. लांब पळण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा अजून एकवर असतो. आठवड्यातून एक दिवस संथ उचल आम्ही कायम ठेवलीय.

आता असं पोरगं आलं तर

पहिल्याच दिवशी, काहीही दुखत नसताना, प्रत्येक नव्या मुलाचा स्क्वॉट बाजूनं चित्रित करतो आणि खाली यायला किती वेळ लागतो ते वहीत लिहितो. पैलवानाचा व्हिडिओ मी दोन महिने आधी काढला असता तर बरंच टळलं असतं. तालमीतून आलेल्यांना बैठका बंद करायला सांगत नाही. बार खांद्यावर आला की ताल बदलतो, एवढं करून दाखवतो.

वर येण्याची संथ गती कधी सोडायची ती तारीख सुरुवातीलाच लिहून ठेवतो, आठव्या आठवड्याच्या आसपास, आणि दर दोन आठवड्यांनी गोळा किंवा उभ्या उडीचं माप घेतो. माप घटायला लागलं तर तारखेची वाट पाहत नाही.

उताराचं पळणं पूर्ण तोडायला नको होतं, असंही आता वाटतं. दहाव्या आठवड्यापासून थोडं थोडं परत आणलं असतं तर फडातली शिडी त्याला सोपी गेली असती. या मोसमात दोन पोरांना तसंच देतोय: मुकुंदराजाच्या वाटेचा शेवटचा सौम्य टप्पाच उतरायचा, आधी चालत, मग हळू पळत, आणि दुसऱ्या सकाळी फळीवर उभं राहून आकडा सांगायचा.